भूमितीकडे जाणारा बाण

मॅडम नाही गं, मॅडम पलीकडच्या खोलीत. मला ताई म्हणतात. अख्खं डिपार्टमेंट म्हणतं — हेड सर म्हणतात, शिपाई म्हणतो, माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेले ग्रंथपालसुद्धा म्हणतात. का? तर पलीकडची मॅडम म्हणते म्हणून. सख्खी धाकटी बहीण आहे ती माझी. माहीत नव्हतं? नाहीच कळत चेहऱ्यावरून, नाक तिला आईचं मिळालंय. एका आईच्या पोटच्या दोघी, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसतो, दोघीही गणितच शिकवतो — आणि ती मॅडम, मी ताई. असो. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, ते स्टूल ओढून घे. आणि परत सांगू नकोस, कागदावर लिहिलंय सगळं, वाचता येतं मला. "भूमिती ह्या विषयाच्या प्रवेशासाठी सिद्धतालेखन ह्या पूर्वअटीतून सूट मिळावी." सूट. म्हणजे माझ्या विषयातून सूट, आणि मागायला आलीस ती माझ्याचकडे — धीट आहेस. तुझा दोष नाही म्हणा, अर्जच तसा आहे, दोन सह्या लागतात, जिच्याकडे जायचं तिची एक आणि जिला वगळायचं तिची एक. जिच्याकडे जायचं तिनं केलेलीच आहे. बघ कशी केलीय — एक वेलांटी आणि एक रेघ, झाली सही. कुणी कागद पुढे केला की करते. लग्नपत्रिका पुढे केलीस तरी करील.

फिजिक्सची आहेस ना तू? वाटलंच. फिजिक्सवाल्यांना सगळीकडे मधल्याच स्टेशनात चढायचं असतं. आणि दोन आठवडे तिच्या वर्गात बसतेयस, नोंदणी नसताना. तिनं बसू दिलं? देणारच. ती कुणालाही बसू देते, परवा म्हणे कॅन्टीनवाला बसला होता अर्धा तास. माझ्याकडे असं चालत नाही. माझ्याकडे हजेरी असते, क्रम असतो, एकानंतर दोन, दोनानंतर तीन. अगं, गणित म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे का, हे पाव किलो द्या, ते राहू द्या? खालची वीट नाही तर वरची कशावर ठेवणार? हसू नकोस. मी हे तीस वर्षं सांगतेय आणि तीस वर्षं पोरं अशीच ओठ दाबून बसतात.

हा भिंतीवरचा तक्ता बघितलास? मीच काढते दरवर्षी, कार्डशीटवर, पट्टी लावून. चौकोन म्हणजे विषय, बाण म्हणजे पूर्वअट — ह्याच्या आधी हे झालेलं हवं. उठ, जवळ जा. हा माझा चौकोन, सिद्धतालेखन — एखादी गोष्ट खरी आहे म्हणायचं तर ती पायरी-पायरीनं पटवायची कशी, ते. इथून एक बाण निघतो तो तिच्या भूमितीत. भूमितीतून बाण जातो बीजगणितात — ते दाढीवाले सर शिकवतात, त्यांना वर्गात आकार फिरवून दाखवायची हौस, म्हणून त्यांनी मागून घेतला तो. आणि बीजगणितातून — बोट उचलू नकोस, तसंच फिरवत ने — कुठं आलीस? माझ्या चौकोनात. हा बाण वरून आलाय, विद्यापीठातून, चार वर्षांपूर्वी, त्याला आपल्याला हात लावता येत नाही. आता सांग, पोरानं सुरुवात कुठून करायची? कुठूनच नाही. माझ्याआधी बीजगणित, बीजगणिताआधी भूमिती, भूमितीआधी मी. सात जण आहोत डिपार्टमेंटात, सातही गणितातले, तक्ता दरवर्षी माझ्या हातचा, आणि चार वर्षं एकालाही दिसलं नाही की हे गोल गोल फिरतंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग चार वर्षं चाललं कसं म्हणशील — भाऊसाहेब. ऑफिसातले. ते नोंदणी हातानं करायचे, तक्ता-बिक्ता काही नाही, पोराच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "झेपेल का रे?" हो म्हटलं की शिक्का. ते निवृत्त झाले, कॉम्प्युटर आला, आणि पहिल्याच दिवशी चौऱ्याण्णव पोरं लटकली. कुठलाही विषय दाबा, पूर्वअट अपूर्ण, पूर्वअट अपूर्ण. हेड सर इथं येऊन दहा मिनिटं उभे होते तक्त्यासमोर, बोट फिरवत, तू आत्ता फिरवलंस तसंच. मग खाली बसले आणि म्हणाले, "ताई, हे बाहेर कुणाला सांगू नका." आता बोल, इंजिनियरिंगवाल्यांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का आम्हाला?

तर आज तीन वाजता अभ्यास मंडळाची बैठक. एक बाण तोडायचा. वरचा तोडता येत नाही, म्हणजे उरले दोन — तिच्याकडून दाढीवाल्यांकडे जाणारा, नाहीतर माझ्याकडून तिच्याकडे जाणारा. हेड सर काय म्हणाले सकाळी, ऐक. "ज्या बाणाशिवाय एका जरी विद्यार्थ्याचं नीट चाललंय असं त्या-त्या शिक्षकानं लेखी दिलं, तो बाण आपण काढू." लेखी म्हणजे काय? हाच की, तुझ्या हातातला कागद. गणितातल्या माणसाला एवढं पुरतं बघ. माझा बाण म्हणतो, सिद्धतालेखनाशिवाय भूमिती कुणालाच जमणार नाही. कुणालाच. मग एक पोरगी पुढे आली आणि तिला जमलं — संपलं, शंभर पोरं नको, एक बस्स. मी स्वतः शिकवते हे, पहिल्याच महिन्यात शिकवते. तर तू माझ्यासमोर ह्या स्टुलावर बसलेली ती एक आहेस. चार वाजता नोंदणी बंद होणार, तुझं वर्ष जाईल, भूमिती नाही तर पुढं बीजगणितही नाही, सगळं कळतंय मला, मी काही दगड नाही. पण माझंही ऐक ना. बाण तुटला तर सिद्धतालेखनाला येतं कोण? सक्ती नव्हती तेव्हा पाच यायचे. पाच, आणि त्यातला एक वर्ग चुकून. सहाच्या खाली गेले की विषय बंद, असा आता नवा नियम आहे. आणि विषय बंद झालेल्या बाईला काय देतात माहितेय? कॉमर्सच्या पोरांचे टक्केवारीचे तास. सहा वर्षं राहिलीत माझी. सहा वर्षं टक्केवारी.

तिचं काय जाणार होतं गं? तिचा बाण तोडला तरी पोरं जातीलच तिच्याकडे, धावत-पळत जातील. सकाळी साडेदहाला तिचा तास असतो, ही भिंत बघितलीस ना, पातळ आहे — साठ जण एकदम हसतात. गणिताच्या तासाला! मी इकडे पोरांना "जर आणि तरच" समजावून सांगतेय आणि तिकडून हशा. कागदाच्या पट्ट्या कापतात, चिकटवतात, फुगे फुगवतात, एकदा तर सायकलची ट्यूब आणली होती. मी म्हटलं हेड सरांना, हा गणिताचा वर्ग आहे की बालवाडी? ते म्हणाले, "निकाल बघा ना ताई." निकाल! नाचता येईना अंगण वाकडं असं मनात म्हणाले असतील मला, वर ताई म्हणतात ते सोड.

खोटं कशाला बोलू, पोटात दुखतं माझ्या. आजचं नाही ते. मी सतरा वर्षांची होते, ती अकराची. गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. मी वर्गात पहिली, शाळेत पहिली, घरी येणारा-जाणारा मला आकडेमोड विचारायचा. बाबांची पँट दोरीवर टाकता टाकता ही विचारते, "ताई, पँटीला भोकं किती?" मी म्हटलं तीन, कंबरेचं एक आणि पायांची दोन. तर म्हणते, "दोन." मी म्हटलं, मोज. ती म्हणाली, "मोजायचं कशाला, कंबर धरून ताण, ताण, खूप ताण, मग ती जमिनीवर सपाट पसरली की कंबर म्हणजे नुसती बाहेरची कड, आणि आत भोकं दोनच." आणि पुढचा सदरा झटकायला लागली. मला दोन दिवस लागले गं ते पटायला. दोन दिवस मी वहीत मांडत होते, आणि मांडल्यावर आलं दोनच. तिला ते ओल्या कपड्यात दिसलं होतं. शेंडेफळ घरातलं, सगळे हसले, लाड झाले. मला एकटीला हसू आलं नाही, कारण ती काय बोलली ते त्या घरात मला एकटीलाच कळलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ना — कळलं म्हणूनच जळलं.

बरं, ते जाऊ दे. असं करू. तू म्हणतेस तुला माझ्या विषयाची गरज नाही — तू नाही म्हणत, अर्ज म्हणतो, एकच ते. मग दाखव. खडू घे. सोपं देते, पण सोप्यावरच माणूस आपटतो. समज, एका खोलीत माणसं जमलीत. कुणी कुणाशी हात मिळवलाय, कुणी नाही, जोडीत एकदाच, जास्त नाही. तर सिद्ध कर की त्या खोलीत निदान दोघं असे असणारच, ज्यांची हात मिळवलेल्या माणसांची संख्या सारखीच आहे. घे, लिही, मी बघत नाही. बघत नाही म्हणजे बघतेय, पण तू लिही. "समजा, दहा माणसं." दहाच का? हं, नंतर कितीही घेणार, चालेल. कमीत कमी शून्य जणांशी, जास्तीत जास्त नऊ. शून्य ते नऊ, दहा आकडे. माणसं दहा, आकडे दहा — मग मिळेल की प्रत्येकाला वेगवेगळा! अडलं ना गाडं? इथंच अडतात सगळे, इथं माझ्या वर्गात आम्ही तीन तास — काय? हळू लिही. शून्यवाला आणि नऊवाला एका खोलीत असू शकत नाहीत. कारण ज्यानं सगळ्यांशी हात मिळवला त्यानं कोपऱ्यातल्या त्या घुम्याशीही मिळवला असणार, मग तो शून्यवाला राहिलाच कुठं. म्हणजे एका वेळी आकडे नऊच, माणसं दहा, दोघांना एकच आकडा वाटून घ्यावा लागणार. हं. बरोबर आहे. बरोबर आहे, त्यात काही — चार मिनिटं. ओळ एकही उडी मारलेली नाही.

पण ते समासात काय लिहिलंयस? प्रत्येक ओळीसमोर, बारीक — "क" आणि प्रश्नचिन्ह. पुसू नकोस! राहू दे. काय आहे ते? कशावरून. "कशावरून" चा क. कुणी शिकवलं तुला हे? मॅडमनी. मॅडमनी शिकवलं. अगं, ते माझं आहे. माझं! ती आठवीत होती, उत्तर नेहमी बरोबर आणि मधल्या पायऱ्या गायब, गुरुजी म्हणायचे कॉपी केलीय हिनं. मी स्वयंपाकघरात तिला पाटावर बसवलं आणि म्हटलं, प्रत्येक ओळीसमोर क लिहायचा, क म्हणजे कशावरून, त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय खाली उतरायचं नाही. रडली होती. पाटी फेकली होती माझ्या अंगावर. आणि आता तेच तुम्हाला — कधी शिकवलं? पहिल्याच आठवड्यात, दोन तासांत. बघ, माझा सबंध सहामाहीचा विषय बाईंनी दोन तासांत उरकला! मग माझ्याकडे यायचं कशाला कुणी? आणि कुणाचं म्हणून सांगितलं? स्वतःचं म्हणूनच सांगितलं असेल, मला काय — काय म्हणालीस?

परत सांग. "हे माझ्या ताईचं." फळ्यावर लिहून? दरवर्षी? तुझ्या चुलतभावालाही असंच सांगितलं होतं, चार वर्षांपूर्वी. बरं. म्हणजे चोरी नाही. चोरी असती तर बरं झालं असतं गं, निदान दोन शब्द सुनावता आले असते. माझ्याकडे आहे काय तिच्यावर रागवायला? काहीच ठेवलेलं नाही तिनं. पाणी देतेस जरा, तो तांब्या तुझ्यामागे आहे.

माझ्याकडून तिच्याकडे जाणारा तो बाण मीच आणला. कागदोपत्री मंडळानं आणला, इतिवृत्तात आहे, "विद्यार्थ्यांची पूर्वतयारी कमी पडत असल्यानं". कमी-बिमी काही पडत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिचा विषय नवा निघाला, पहिल्या दिवशी साठ पोरं, बाकं पुरेनात. तर शिपाई आला माझ्या वर्गात, मी शिकवतेय, आणि म्हणतो, "ताई, पाच जणांना एवढी बाकं काय करायचीत?" आणि उचलायला लागला. एकेक बाक माझ्या समोरून दारातून बाहेर, आणि माझी पाच पोरं मान वळवून बाकांकडे बघतायत, फळ्याकडे नाही. त्याच आठवड्यात बैठक होती. मी उभी राहिले, म्हटलं, सिद्धता न शिकता भूमितीत जाऊ देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं आहे. छान बोलले मी. मला एवढंच हवं होतं की तिच्याकडे जायचं असेल तर आधी माझ्या दारातून जा. आणि पाठिंबा पहिला कुणी दिला असेल? तिनंच. "ताई म्हणते ते बरोबर आहे." तिच्या डोळ्यांत बघितलं मी, म्हटलं बाई, थोडी तरी चीड. नव्हती.

मग — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुला का सांगतेय देव जाणे — बाण लागू झाल्यावर मी जाऊन बसले तिच्या वर्गात. एक सबंध सहामाही, शेवटच्या बाकावर, वहीबिही घेऊन. म्हटलं, बघू तर खरं काय आहे. माझ्याकडे सगळ्या पूर्वअटी होत्या गं, एकूण एक, पहिल्या वर्गात. तिनं कागदाची पट्टी घेतली, एक पीळ दिला, टोकं चिकटवली, आणि विचारलं, कडेपासून तिसऱ्या हिश्श्यावर कापत गेलो तर काय मिळेल? मधोमधचं शाळेतली पोरंही सांगतील, हे तिसऱ्या हिश्श्यावर. कागदाला हात न लावता सांगा, म्हणाली, नुसतं बघा. पोरं डोळे मिटून बघायला लागली. मीही मिटले. काही नाही. काळोख. मी आकडे मांडू शकले असते, घरी नेऊन दोन पानांत सिद्ध करू शकले असते, पण ते दिसतं म्हणतात ना, ते मला आजतागायत दिसलेलं नाही. आणि तोंडातून निघून गेलं, "एकच मोठी पट्टी." तिनं कापलं. दोन निघाल्या, एक लहान एक मोठी, एकमेकींत अडकलेल्या. पोरं हसली. तर ही म्हणते, "ताई मुद्दाम चुकली, तुम्हाला पेच पडावा म्हणून." हसणं थांबलं. काहींनी तर कौतुकानं बघितलं माझ्याकडे. मी मुद्दाम चुकले नव्हते. तिला ते माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि ती वाक्य पुरं करून पुढच्या पट्टीकडे वळलीसुद्धा.

तर आवश्यक काय आणि पुरेसं काय, हा माझ्या विषयातला दुसरा धडा. माझा विषय भूमितीला आवश्यक आहे का? नाही, हा फळा आहे समोर, तुझ्या अक्षरात. पुरेसा आहे का? त्याला पुरावा मी. मग तो बाण आहे कशासाठी? माझ्यासाठी आहे. आणि म्हणूनच मी सही करणार नाहीये. हे सगळं सांगूनही नाही, कळलं? मला सहा वर्षं काढायचीत. तू पुढच्या वर्षी ये, हुशार आहेस, एका वर्षानं काही बिघडत — थांब, फोन वाजतोय.

हॅलो. हं, बोल. आहे, खोलीतच आहे. तू कुठून बोलतेयस? हेड सरांच्या खोलीतून? का गं? ... काय सांगितलंस त्यांना? ... तुझा काढा म्हणून. आणि माझा? ... राहू दे म्हणून. ... कुणी सांगितलं होतं तुला? ... नाही, रागावले नाही. रागवायचं काय त्यात. ... हो, माहितेय सहा वर्षं राहिलीत, मला मोजता येतं. ... दाढीवाल्यांना विचारलंस? ... तेही हो म्हणाले, छान, म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलंत माझ्यावर दया करायची. ... मग दुसरं काय म्हणतात त्याला? ... ऐक. ऐक माझं आधी. त्याची गरज नाही. मी सही केलीय. ... ती फिजिक्सची मुलगी आली होती, दोन वेण्या घालते ती. ... हो, तीच. केव्हाच केली, अर्धा तास झाला. लेखी दिलंय, गरज नाही म्हणून. ... आता परत कसं घेणार, गेली ती कागद घेऊन. ... ऑफिसात पोचलीही असेल. ... हे बघ, रडू नकोस. हेड सर आहेत ना समोर? मग? ... ठेव. ठेव म्हणते ना.

काय बघतेस माझ्याकडे? आण तो कागद. आण लवकर, ती आता ऑफिसात बघायला जाणार, मी ओळखते तिला, आणि तू तिच्याआधी तिथं पोचलेली हवीस. पेन कुठं गेलं — हे. "सूट देण्याचं कारण." एवढी मोठी जागा सोडलीय, काय निबंध लिहायचा आहे? "ह्या विद्यार्थिनीस — भूमितीसाठी — सिद्धतालेखनाची — आवश्यकता नाही." नाही वर अनुस्वार नसतो ना — काहीतरीच होतंय माझं. वाच. लागतंय ना अक्षर? वेळ घालते दोन वाजून दहा. झालेत किती? पावणेतीन? दोन दहाच लिहिते. ही घे सही.

नाही नाही, असं बघू नकोस. तुझ्यासाठी नाही केली, आणि मला एकदम चांगुलपणाही सुचलेला नाही. तिनं आपला बाण मोडून माझा ठेवायचा, आणि मी तो सहा वर्षं दररोज ह्या भिंतीवर बघत बसायचा, तिच्या हातचा? त्यापेक्षा टक्केवारी परवडली. हे जळणंच आहे माझं, दुसरं काही नाही, बाहेर जाऊन भलतं सांगू नकोस. मागच्या जिन्यानं जा, पुढच्यानं ती येईल. आणि विचारलंच कुणी तर तू अर्ध्या तासापूर्वी आली होतीस आणि लगेच गेलीस, मी काही बोलले नाही. आभार? माझे कशाला. तिचेही मानू नकोस, मुळीच नको, तिला तेवढंच हवं असतं — नसतं गं. तिला काहीच हवं नसतं. जा म्हटलं ना. पळ.